पार्टी वॉल सर्व्हेअर: फी आपण द्यायची, पण तो दोघांचा
लॉफ्ट आणि मागच्या एक्स्टेन्शनचं काम एकत्रच काढलं आणि घर टेरेस्ड, म्हणजे मधली भिंत आमचीही आणि शेजारच्या आजींचीही, त्यामुळे पार्टी वॉल म्हणजे सामायिक भिंतीचा सर्व्हेअर घ्यावा लागला. इंग्लंड किंवा वेल्समध्ये घर असलेल्यांसाठी लिहितेय, स्कॉटलंडला पार्टी वॉलचा कायदा नाही.

बिल्डर म्हणत होता प्लॅनिंग परमिशन आहे ना, मग झालं. पण १९९६ चा पार्टी वॉल ॲक्ट पूर्ण वेगळा आहे. सर्व्हेअरने पहिल्याच फोनवर पाया किती खोल जाणार ते विचारलं, कारण शेजारच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणलं तर एक महिना आधी शेजाऱ्यांना नोटीस लागते आणि सामायिक भिंतीत स्टीलचा बीम घालायचा तर दोन महिने आधी. आमचं दोन्ही होतं, दोन्ही नोटिसा त्यानेच नीट बनवून दिल्या.

आजींनी लेखी हो म्हटलं नाही आणि आम्ही घाबरलो की आता काम अडलं. तसं नसतं. १४ दिवसांत होकार आला नाही तर कायद्याने तो वाद धरतात आणि सर्व्हेअर ठरवतो काम कसं करायचं, किती वाजता करायचं, नुकसान झालं तर काय. आजींना स्वतःचा वेगळा सर्व्हेअर घेता आला असता आणि त्याचीही फी बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात पडते, पण त्या आमच्याच सर्व्हेअरशी बोलल्या आणि दोघांत एकच चालेल म्हणाल्या. त्याने आम्हाला तोंडावर सांगितलं की फी तुम्ही देताय तरी मी तुमच्या बाजूने बोलणार नाही, आणि खरंच नाही बोलला. मला त्याचं हेच सगळ्यात आवडलं, कारण आजींचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरातली प्रत्येक खोली, छत, जुन्या बारीक भेगा, सगळ्याचे फोटो काढून नोंद केली. बीम बसवताना त्यांच्या बेडरूमचं थोडं प्लास्टर पडून भेग दिसली तेव्हा आधीचे फोटो काढून बघितले, भेग नवीन निघाली, म्हणजे भरपाई आमच्याकडे, विषय संपला. त्यांना दुरुस्तीऐवजी पैसेही मागता येतात हे त्यानेच त्यांना सांगितलं, आमच्यासमोर! शेवटी त्यांनी दुरुस्तीच करून घेतली आणि बोलणं-चालणं आधीसारखंच आहे.

खटकलं ते एवढंच की ईमेलला उत्तर फार उशिरा येतं, आणि फी तासावर असल्याने एकूण किती होईल ते आधीच लेखी घ्या. अवॉर्डची, म्हणजे सर्व्हेअरच्या लेखी निर्णयाची, भाषा पण जड आहे, फोन करून एकेक कलम समजून घ्या, तो न कंटाळता सांगतो. अवॉर्ड पटला नाही तर कोर्टात जायला १४ दिवसच असतात, म्हणून हातात पडल्या पडल्या वाचा. आणि बिल्डरची तारीख पक्की करायच्या आधी ह्याला फोन करा, नंतर नाही.

चार स्टार, एक ईमेलचा कापला.