किलिमांजारो : मारांगू की माचामे?

टांझानियातील किलिमांजारोवर जायचे ठरले की पुढचा प्रश्न वाटेचा असतो. ५,८९५ मीटर उंचीच्या उहुरू या त्याच्या सर्वोच्च शिखरावर गाइडशिवाय जाण्यास परवानगी नाही, सामान पोर्टर वाहतात आणि नेहमीच्या वाटांवर दोर लावावा लागत नाही, त्यामुळे माहितीपत्रके वाचताना सगळ्या वाटा सारख्याच वाटू लागतात. प्रत्यक्षात मारांगू आणि माचामे या दोन वर्दळीच्या वाटांत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते तो मुक्कामाच्या सोयींपेक्षा मुक्कामाच्या उंचीत अधिक आहे.

मारांगूची ख्याती सोपी वाट म्हणून आहे. तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत, गादीवर झोपायला मिळणारी ही डोंगरावरची एकमेव वाट आहे. पायवाट रुळलेली असून चढही बराच सौम्य आहे. मात्र पाच दिवसांच्या कार्यक्रमात पहिला मुक्काम मंदारा येथे सुमारे २,७२० मीटरवर, दुसरा होरोंबो येथे ३,७२० मीटरवर आणि तिसरा किबो येथे ४,७२० मीटरवर असतो, म्हणजे झोपण्याची उंची दररोज हजार मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर ही वाढ एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक नसावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. मारांगूचे प्रवेशद्वारच सुमारे १,८६० मीटरवर, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. सह्याद्रीत कमावलेला दम पायांना उपयोगी पडतो. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारा वेळ मात्र त्यामुळे कमी होत नाही. उलट भराभर चालण्याची सवय इथे घातक ठरू शकते, आणि म्हणूनच तिथले गाइड ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, सावकाश, असे सतत बजावत असतात.

माचामेच्या वाटेवर रोज तंबू असतो, जंगलातला पहिला टप्पा पावसात चिखलाचा होतो आणि चढउतारही जास्त आहेत. पण याच चढउतारांत तिचे बलस्थान आहे. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपाशी सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढून मुक्कामाला बारांको येथे ३,९७० मीटरच्या आसपास खाली उतरायचे असते. दिवसा उंची गाठून रात्री खाली झोपल्याने शरीराला जुळवून घेण्याची संधी मिळते. सात दिवसांच्या कार्यक्रमात पुढची रात्र कारांगा येथे जवळपास त्याच उंचीवर जाते आणि त्यानंतर सुमारे ४,६७० मीटरवरचा बाराफू कॅम्प येतो. पाचशे मीटरचा दंडक इथेही सगळीकडे पाळला जात नाही, हे खरे आहे. तरीही पाच दिवसांच्या मारांगूच्या तुलनेत हा आराखडा निश्चितच शहाणपणाचा आहे. सहा दिवसांत कारांगाचा मुक्काम वगळला जातो, म्हणून तो पर्याय मी सुचवणार नाही.

माचामेच्या वाटेवर बारांकोच्या मुक्कामानंतर लागणारी बारांकोची भिंत अनेकांना छायाचित्रात पाहूनच धडकी भरवते. तो सोपा कातळटप्पा आहे; हातांचा आधार घ्यावा लागतो, पण सह्याद्रीतले कातळटप्पे चढलेल्यांना त्याची चिंता नसावी. दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली पाहताना वाटणारी भीती असेल, तर मात्र ही बाब गांभीर्याने विचारात घ्यावी.

शेवटची चढाई दोन्हीकडे मध्यरात्रीच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत सुरू होते आणि दोन्हीकडे घसारा दमवतो. मारांगूने ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर गिलमन्स पॉइंटला पोचल्यावर उहुरूपर्यंत अजून दीड-दोन तास त्या काठानेच चालावे लागते. माचामेची वाट स्टेला पॉइंटला काठावर येते आणि तिथून शिखर तासाभरावर असते. थकलेल्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो. उतरताना मारांगूवर आलेल्याच वाटेने परतायचे असते, तर माचामेवाले म्वेकाच्या बाजूला उतरतात. तो उतार गुडघ्यांची परीक्षा घेणारा आहे.

उद्यानाचे शुल्क दिवसांवर आकारले जात असल्याने पाच दिवसांचा मारांगू स्वस्त पडतो, पण ती बचत करू नये. अगदीच कमी दर सांगणाऱ्या आयोजकाला पोर्टरांची मजुरी किती, त्यांना तंबू आणि जेवण कसे मिळते आणि ओझ्याची २० किलोंची मर्यादा पाळली जाते का, हे आधी विचारावे.

सात दिवस मोकळे असतील आणि तंबूची अडचण नसेल, तर माचामे घ्यावी. आठ दिवस व जास्तीचा खर्च शक्य असेल, तर पश्चिमेकडून येणारी लेमोशो तिच्याहूनही बरी, कारण पुढे ती याच वाटेला मिळते आणि सुरुवातीला एक जादा रात्र देते. पाठदुखीमुळे तंबूत झोप लागत नसेल, किंवा मार्च ते मे या मोठ्या पावसातच रजा मिळत असेल, तर मारांगू योग्य. मात्र ती सहा दिवसांचीच घ्यावी आणि होरोंबोच्या जादा दिवशी खोलीत पडून न राहता झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत यावे.