जर्मनीच्या नावावर ८ लाख ९ हजारांना टोपी: पोरांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्यांनी वाचावं

मुलीला जर्मनीत मास्टर्सला पाठवतो म्हणून एका एजंटाने आमच्याकडून घेतले एकूण ८,०९,००० रुपये. आकडा पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण गावात 'वीस लाखांना बुडाले' अशी चर्चा चालू आहे आणि ती ऐकून डोकं फिरतं. हिशेब असा: नोंदणी २५,०००. प्रोसेसिंग दीड लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७,०००. एपीएस, म्हणजे इथल्या शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्र, ३२,०००. आठ विद्यापीठांचे अर्ज १,२०,०००. ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी ठेवायचं खातं) 'पहिली रक्कम' ४,००,०००. टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा कर, २०,०००. व्हिसाची अपॉइंटमेंट ३५,०००. जीएसटीचं बिल आजतागायत मिळालेलं नाही.

फर्मचं नाव वकिलांच्या सांगण्यावरून इथे देत नाही. माणूस आपल्याच बाजूचा. ऑफिस पुण्यात, पण सेमिनार कणकवली-कुडाळच्या हॉलमध्ये, आणि तोही मे महिन्यात. मे का, ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको. आंब्याचे पैसे तेव्हाच हातात असतात, निकालही तेव्हाच लागतात आणि जर्मनीच्या हिवाळी सत्राच्या बऱ्याच अर्जांची मुदत १५ जुलैला संपते. पैसा हातात आणि मुदत डोक्यावर, बरोबर त्या महिन्यात ही माणसं उतरतात. 'काय काळजी करू नकात, चेडवाक मी जर्मनीत धाडतंय,' असं मालवणीत बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला म्हणून आम्हाला अडाणी म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. इथून मुंबईच्या वकिलातीत रजा काढून किती खेपा घालणार? भिंतीवर शॉप अॅक्ट, उद्यम नोंदणी आणि जीएसटी अशी तीन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती. शॉप अॅक्ट किराणा दुकानालाही मिळतो आणि उद्यम नोंदणी घरबसल्या फुकट होते, हे त्या वेळी कोण सांगणार? नोकरीसाठी परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो. विद्यार्थी पाठवणाऱ्याला तो लागत नाही. त्यामुळे 'सरकारमान्य एज्युकेशन कन्सल्टंट' अशी पाटी दिसली की तिथेच शंका घ्या.

फसवणूक पैशांपासून सुरू झाली नाही, देश आणि विद्यापीठ निवडण्यापासून झाली. मुलगी बीई सिव्हिल. जर्मनी हा पर्याय चुकीचा नव्हताच. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, सत्राला साधारण १०० ते ३५० युरोंची वर्गणी असते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्यांना फी लावली आहे. पण सरकारी विद्यापीठ एजंटाला कमिशन देत नाही. खासगी कॉलेज पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा देतं. सगळी चावी इथे आहे. मुलीला सरकारीत प्रवेश मिळाला, तर एजंटाचा वरचा धंदा बुडतो.

म्हणून सरकारीचे अर्ज भरायचे ते नापास होतील असेच भरायचे. आठ अर्जांच्या यादीत तीन अभ्यासक्रम डेटा सायन्सचे होते. तिथे मास्टर्सला घेताना बीईचे विषय आणि त्यांचे क्रेडिट मोजतात, सिव्हिलवाल्याला पहिल्याच चाळणीत बाहेर काढतात. दोन अभ्यासक्रम पूर्ण जर्मन माध्यमाचे, म्हणजे सी१ ह्या वरच्या पातळीची भाषा हवी. मुलीची ए१ची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा नुकतीच झाली होती. उरलेल्या तिनांपैकी एकाचीच मुदत शिल्लक होती. हे सगळं विद्यापीठाच्या पानावर प्रवेशाच्या अटींत लिहिलेलं असतं. यादी हातात आली की प्रत्येक अभ्यासक्रमाचं ते पान स्वतः उघडा आणि चार गोष्टी बघा: कुठल्या शाखेची पदवी चालते, कुठल्या विषयाचे किती क्रेडिट हवेत, भाषा कुठली आणि किती पातळीची, मुदत कधी. जर्मनीतल्या मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी होखशूलकोम्पासवर आहे, डीएएडीच्या साइटवर इंग्रजी अभ्यासक्रम शोधता येतात, आणि आपली इथली पदवी-विद्यापीठ तिकडे मान्य आहे का ते अनाबिनवर दिसतं. तिन्ही फुकट. बारावीनंतर लगेच पाठवणाऱ्यांनी आणखी एक बघा: जेईई अॅडव्हान्स्ड पास नसेल आणि इथे पदवीचं एक वर्षही झालेलं नसेल, तर मुलाला सहसा आधी श्टुडियनकोलेगचं, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारीचं वर्ष करावं लागतं. सेमिनारमध्ये ह्याचा उल्लेख कोणी करत नाही.

अर्जाच्या फीचंही ऐका. बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट ह्या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात. त्यांची फी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. आठ अर्जांचे झाले २८५ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी २८,५००. आमच्याकडून घेतले १,२०,०००. आणि मुळात आठ अर्ज गेलेच नव्हते.

हे कळलं ते असं. मुलीच्या नावाचा नवा ईमेल आयडी त्यांनीच उघडला होता आणि पासवर्ड त्यांच्याकडे होता. विचारलं की 'सिस्टीम आमची आहे, गोंधळ होतो' असं उत्तर. पण आयडी उघडताना नंबर मुलीचाच दिलेला होता. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारल्यावर कोड तिच्याच मोबाइलवर आला. आत युनि-असिस्टचं खातं सापडलं. त्यात अर्ज दोन. एकासमोर फी भरलेली नाही म्हणून तपासणी थांबलेली, दुसरा मुदतीनंतर पाठवलेला. बाकीच्या सहांचा मागमूस नाही. ज्या नकारपत्रांचे स्क्रीनशॉट आम्हाला व्हॉट्सअॅपवर धाडले होते, त्यांतलं एकही त्या मेलबॉक्समध्ये नव्हतं. पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा: ईमेल मुलाचा, पासवर्ड मुलाचा, फी मुलाच्या किंवा पालकांच्या कार्डावरून. एजंटाने फार तर शेजारी बसून फॉर्म बघावा.

एपीएस मात्र खरंच झालं, आणि त्यानेच घात केला. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. त्याची फी १८,०००. ह्यांनी ३२,००० घेतले, पण प्रमाणपत्र खरं आलं. खरा कागद हातात पडल्यावर पुढच्या कागदावर कोण संशय घेतो? घरात पेढे वाटले होते. चौदा हजार वरचे गेले ह्याची खंत नाही, त्या एका कागदाच्या जोरावर त्याने पुढचे चार लाख मागितले ह्याची आहे.

आणि आता ते चार लाख. हे लिहिताना हात थरथरतो. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवायची. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ प्रमाणे. खातं विद्यार्थ्याच्याच नावावर, त्याच्याच पासपोर्टवर उघडतं. ते ऑनलाइन उघडतं आणि त्याला एजंट लागत नाही. विद्यार्थ्याने जर्मनीत पोचून पत्ता नोंदवल्यावर पैसे महिन्याच्या हप्त्याने मिळतात. व्हिसा नाकारला गेला तर ते परत येतात. जर्मन खात्याचा नंबर म्हणजे आयबॅन (IBAN): डीई ह्या अक्षरांनी सुरू होणारा, एकूण बावीस अक्षर-अंकांचा.

आम्हाला आरटीजीएससाठी जो कागद दिला, त्यावर ठळक अक्षरांत 'जर्मन ब्लॉक्ड अकाउंट डिपॉझिट' असं होतं, आणि खाली खात्याचं नाव त्याच्या फर्मचं, खातं चालू आणि आयएफएससी कोड पुण्याच्या शाखेचा. आयएफएससी! तो भारतातल्या बँकेच्या शाखेलाच असतो. जर्मनीतल्या खात्याला तो नसतोच. तो कोड आरटीजीएसच्या स्लिपवर चौकोनाचौकोनांत एकेक अक्षर करून लिहिला गेला, बँकेच्या माणसाने तपासून शिक्का मारला आणि पैसे गेले. त्या काउंटरवर एकाही माणसाने विचारलं नाही की परदेशातल्या शिक्षणाचे पैसे पुण्याच्या चालू खात्यात का चालले आहेत. 'इथून गोळा करून एकदम पाठवतो, दर चांगला मिळतो,' हे त्याचं कारण ऐकायला पटणारं होतं. रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्यामार्फत पाठवलं, तरी रुपये आधी भारतातल्याच खात्यात जातात हे खरं. पण तेव्हा परदेशी पैसे पाठवण्याच्या ए२ फॉर्मवर पालकांची सही होते, पॅन लागतो, शिक्षणासाठीचा हेतू कोड एस०३०५ पडतो आणि पैसे गेल्यावर स्विफ्टची, म्हणजे परदेशी बँकेला पैसे धाडल्याच्या संदेशाची, प्रत मिळते. ह्यातलं काहीच झालं नसेल, तर पैसा देशाबाहेर गेलेला नाही. स्विफ्ट कॉपी मागा. टाळाटाळ झाली की त्याच दिवशी बँक गाठा.

टीसीएसचं तर उघड खोटं होतं. चार लाखांवर पाच टक्के म्हणून २०,००० घेतले. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत परदेशी पैसे पाठवण्यावर टीसीएस लागतच नाही. लागला तरी तो बँक किंवा अधिकृत विक्रेता कापतो आणि तो पैसे पाठवणाऱ्याच्या इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसतो. एजंटाला रोख द्यायचा तो कर नव्हे. व्हिसाच्या अपॉइंटमेंटलाही पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो. ३५,००० कशाचे होते, ते आजही कोणी सांगत नाही.

शेवटी काय पुढे आलं? बर्लिनमधल्या एका खासगी कॉलेजचं सशर्त प्रवेशपत्र, वर्षाची फी १२,००० युरो, त्यातले २,००० आठ दिवसांत भरा. 'सरकारीत झालं नाही, हीच संधी.' अभ्यासक्रम निम्मा ऑनलाइन होता. विद्यार्थी व्हिसा हजर राहून शिकायच्या अभ्यासक्रमासाठी असतो, त्यामुळे फी भरून व्हिसाच अडकतो. प्रवेशपत्रावर ही ओळ शोधा: शिकवणं कॅम्पसवर की ऑनलाइन. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कॉलेजला थेट ईमेल करा. इथे आम्ही पैसे रोखले आणि मागचे परत मागितले. मग फोन बंद.

आता पोलीस. स्थानिक ठाण्यात पहिला प्रश्न: 'पैसे तुम्हीच दिलेत ना? मग चोरी कसली?' पुढे 'हे दिवाणी आहे'. मग 'ऑफिस पुण्यात, तिकडे जा'. पुण्यात म्हणे, 'पैसे सिंधुदुर्गातून गेले, तिकडेच द्या'. सायबरवाले म्हणतात की बँकेत जाऊन स्लिप भरली म्हणजे सायबर नाही. बँक म्हणते सही तुमची. वकिलात म्हणते तिसऱ्या माणसाबद्दल आम्ही बोलत नाही. सगळ्यांचे नियम एका बाजूला आणि वर्षाच्या बागेचं उत्पन्न एका बाजूला. एका साहेबांनी वर ऐकवलं की 'शिकलेली माणसं तुम्ही, कसे काय फसलात?' शिकलेल्यांचं रक्षण करायचं नाही असा कुठला कायदा आहे? हद्दीचं कारण तर चक्क खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायचीच आहे. नोंदवली नाही तर १७३(४) खाली लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली, उत्तर नाही. कलमं लिहून न्या: भारतीय न्याय संहिता ३१८(४) फसवणूक, ३१६ विश्वासघात. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन, तोही तासाभरात. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते.

ज्याची पायरी आम्हाला कोणी दाखवली नाही, ते म्हणजे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षं. ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइन होते. व्हॉट्सअॅपचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, कारण ही माणसं मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करत सुटतात.

आणि धनादेश. गाजावाजा होईल ह्या भीतीने त्याने मध्येच २,००,००० चा एक चेक पाठवला. तो परत आला, शेरा 'अपुरी शिल्लक'. घरातले सगळे रडले, पण न्यायालयातल्या एका जुन्या कारकुनाने सांगितलं की सगळ्या कागदांत धडधडीत पुरावा हाच. न वटलेल्या चेकसाठीचं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. नोटिशीचे तीस दिवस चुकले तर तो विलंब माफ होत नाही; तक्रारीची तारीख चुकली तर विलंब माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करत बसावं लागतं. असा चेक तुमच्या हाती आला असेल तर तो त्याच्या पुण्याच्या बँकेत वटवायला जाऊ नका. तीन महिन्यांच्या आत आपल्या गावातल्या शाखेत, आपल्या खात्यात भरा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खटला आपली शाखा जिथे आहे तिथल्या न्यायालयात चालतो, आणि तारखांना इकडे यायची पाळी त्याच्यावर येते.