पोल्ट्रीच्या गेटवरचा सॅनिटायझर टनेल: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर

या उन्हाळ्यात टनेलचा पंप जळाला. वॉरंटी अजून शिल्लक होती म्हणून डीलरला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "पाणी कुठलं वापरता?" म्हटलं, बोअरचं. "मग वॉरंटीत बसत नाही साहेब, आरओचं पाणी लागतं." आमच्या खानापूर तालुक्यात माणसांना प्यायला आरओचं पाणी विकत आणावं लागतं, आणि हा गडी सांगतोय की गेटवर फवारायला आरओ बसवा. बिलाच्या पाठीमागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला. पाण्याबद्दल एक शब्द नाही. तसं कळवल्यावर साहेब मीटिंगमध्ये गेले, ते अजून मीटिंगमध्येच आहेत. बरेच पोल्ट्रीवाले सध्या असले टनेल भंगारात शोधत फिरतायत, म्हणून जे काय आहे ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

टनेल कसला, हे सांगायला नको. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बाजार समितीच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारात उभे होते, आतून जाणाऱ्याच्या अंगावर जंतुनाशक फवारणारे, तेच. एप्रिलच्या सुरुवातीला तमिळनाडूत तिरुपूरच्या बाजारात असा टनेल उभा राहिल्याची बातमी आली, आणि बघता बघता आपल्याकडे ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन होतं तो प्रत्येक जण टनेलवाला झाला. १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढलं की माणसांवर रसायन फवारू नका, त्याने आतला विषाणू मरत नाही, उलट डोळे, कातडी आणि घसा यांना त्रास होतो. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला सांगितलं की अशा टनेलवरच्या बंदीचे किंवा नियमनाचे आदेश महिन्याभरात काढा. मग ही सगळी खोकी गवतात पडली. आमच्या मेव्हण्याने त्यातलं एक किलोच्या भावाने उचललं. चौकट स्टीलची, बाजूला पॉलिकार्बोनेटचे पत्रे, वर पाइप, पाइपला नोझल, दारात सेन्सर. पंप तेवढा नवा घेतला, आणि तोच गेला.

आता म्हणाल, माणसांना नको म्हणून सांगितलं तेच तुम्ही पोल्ट्रीत का लावलं? मेव्हण्याचा मुद्दा असा की आपल्याला माणूस बरा करायचा नाही, त्याच्या कपड्याबुटांवरून येणारा रोग अडवायचाय. मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता. लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, शेडवर रोज कोण येतं बघा: अंड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, खाद्याची गाडी, लस टोचणारी टोळी, चोची कापणारे, खत न्यायला येणारे. हीच माणसं सकाळी दुसऱ्याच्या शेडवर आणि दुपारी आपल्या. मानमोडी असो की गंबोरो, कोंबड्यांचा रोग त्यांच्याच पायांनी फिरतो. आणि बर्ड फ्लूचं नाव निघालं की नवापूर कोण विसरलंय? फेब्रुवारी २००६मध्ये देशात पहिल्यांदा तिथे सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला आणि लगेच फेब्रुवारीत पुन्हा नवापूरला. एक किलोमीटरच्या आतला पक्षी सरसकट मारतात, तुमचा निरोगी असला तरी. त्यामुळे गेटवर चार पैसे जास्त गेले तरी पोल्ट्रीवाला कुरकुर करत नाही.

सुरुवातीला मी खूशच होतो. माणूस आत शिरला की सेन्सर टिकटिक करतो, वरून आणि बाजूंनी धुकं सुटतं. ड्रायव्हर लोक दबकून जायचे. अंड्याच्या व्यापाऱ्याने फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला. पावसाळ्यात टाकीत पावसाचं पाणी होतं, तोवर एकही नोझल तुंबलं नाही. तेव्हा हे लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग बोअरचं पाणी सुरू झालं आणि थेंब सुरू झाला.

हा थेंब नीट समजून घ्या, कारण दुकानदार त्याबद्दल बोलत नाही. पंप बंद झाला तरी पाइपात दाबाखालचं पाणी राहतं. ते बाहेर पडू नये म्हणून चांगल्या नोझलमध्ये स्प्रिंगवर बसलेली रबराची छोटी गोळी असते. दाब उतरला की गोळी भोक बंद करते. आमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बाराशेच्या वर. नोझलचं भोक ०.३ मिलिमीटरचं. क्षार धरला की एक तर नोझल पूर्ण बंद, नाहीतर गोळी जागेवर बसत नाही आणि ते गळत राहतं. बंद पडलेलं परवडलं. गळकं नोझल बरोबर मानेवर येतं. धुकं संपलं, माणूस बाहेर पडायला वाकला, की कॉलर आणि मान यांच्या फटीत गार, औषधाचा एक थेंब. थंडीत पहाटे पाचला अंडी गोळा करायला येणाऱ्या माणसाला विचारा काय वाटतं ते.

तुम्हाला वाटेल, एका थेंबाचं एवढं काय कौतुक. त्या थेंबाने अख्ख्या यंत्राचा कारभार बिघडवला. लोक टनेलमधून पळायला लागले. डोकं खाली, खांदे वर, दोन उड्यांत पार. सेन्सरची टिकटिक सुरू होऊन धुकं सुटेपर्यंत माणूस शेडच्या निम्म्या वाटेवर. खाद्याच्या गाडीचा हमाल तर डोक्यावर रिकामं पोतं घेऊन जायचा. म्हणजे ज्या पोत्याची मला सगळ्यात जास्त भीती, तेच डोक्यावर घेऊन हा कोरडा आत जाणार.

सगळी नोझल काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवली, सकाळी तारेच्या ब्रशने नव्हे तर जुन्या टूथब्रशने घासली. तार लावाल तर भोक मोठं होतं आणि धुक्याऐवजी चूळ भरल्यासारखी पिचकारी येते. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं, फार महाग नाही, आणि क्षार हमखास सुटतो. मात्र टाकीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) वापरत असाल तर आधी साध्या पाण्याने पाइप भरपूर धुवा. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेतू शकतो. धुतलेली नोझल काही दिवस चालतात, मग पुन्हा तेच. शेवटी विट्याच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याने उपाय सांगितला: पंपाच्या पुढे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह, टाका, पंप थांबला की तो उघडेल आणि पाइपातला दाब टाकीत परत जाईल. टाकला. थेंब बंद. त्या दिवशी मी स्वतः विनाकारण चारदा टनेलमधून गेलो. बनवणाऱ्याने हा व्हॉल्व्ह आधीच का दिला नाही, याचं उत्तर एवढंच की विकत घेणारा कधी नोझलखाली मान देत नाही.

आता औषधाचं. टनेलसोबत जुनं माहितीपत्रक आलं होतं, त्यात हायपोचं प्रमाण ठळक छापलेलं. लॉकडाऊनच्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) ०.०२ ते ०.०५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट सुचवलं होतं, त्याचा आधार सगळे टनेलवाले द्यायचे. आम्ही तेच सुरू केलं. पहिला बळी चौकट. स्टील म्हणून घेतलेल्या चौकटीवर वेल्डिंगच्या जागी तांबडे ठिपके आले. क्लोरीनपुढे ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टीलही टिकत नाही. दुसरा बळी कपडे. अंडी गोळा करणाऱ्या बायकांच्या साड्यांवर खांद्याशी फिकट डाग पडले. त्यातल्या एक मावशी मला तोंडावर म्हणाल्या, "मालक, साडी तुम्ही घेऊन देणार का? आणि डोळ्यांची चुरचूर कोणाला द्यायची?" दुसऱ्या दिवशी त्या टनेलच्या बाजूने, तारेच्या कुंपणातून आत आल्या. त्यांच्यामागे सगळ्या. मी काय बोलणार, चूक काहीच नव्हती त्यांची.

मेव्हण्याने मग ग्लुटाराल्डिहाइड आणि बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड) या जंतुनाशकांचं मिश्रण आणलं, शेडमध्ये फवारतो तेच. ते मी माणसांवर उडवू दिलं नाही. रिकाम्या शेडमध्ये फवारतानासुद्धा डोळ्यातून पाणी येतं त्याने. नुसतं बीकेसी टाकून पाहिलं, तर पुन्हा आमचं पाणी आडवं आलं. जड पाण्यात बीकेसीचा जोर कमी होतो, आणि साबणाशी तर त्याचं अजिबात जमत नाही. आमच्याकडे टनेलची फरशी रोज कपड्याच्या पावडरीने धुतली जायची. म्हणजे एक जण औषध टाकतोय, दुसरा ते मारतोय, आणि पगार दोघांना.

या सगळ्यात डॉक्टर आले. आमचे पशुवैद्य मितभाषी आहेत. टनेलमधून गेले, बाहेर येऊन बूट उलटा करून दाखवला. तळाच्या खाचांत कुठल्या तरी दुसऱ्या शेडवरची विष्ठा घट्ट बसलेली, वरून नुसती ओली. म्हणाले, "औषधाला जंतू मारायला साधारण दहा मिनिटं लागतात, तीही स्वच्छ पृष्ठभागावर. तुमचा माणूस आत किती सेकंद असतो? आणि या घाणीच्या आत कुठलं औषध शिरणार?" आधी घासायचं, साबणाने धुवायचं, साबण काढून टाकायचा, मग औषध लावून वाट बघायची. धुक्यात यातलं एकही होत नाही. कपडे ओले होतात आणि ओल्या कपड्याला शेडमधली धूळ जास्त चिकटते, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

इथे माझं मत फिरलं. तोवर मी थेंबाशी भांडत होतो. यंत्राने काम चोख केलं असतं तरी उपयोग तेवढाच होता.

तरी टनेल लगेच बंद केला नाही, कारण मेव्हणा ऐकेना. तो वाद कुत्र्याने मिटवला. उन्हाळा तापला तसं वाडीतलं एक कुत्रं दुपारी येऊन टनेलमध्ये पसरायचं. सेन्सर अंगाच्या उष्णतेवर आणि हालचालीवर चालतो. गरम व्हायला लागलं की हे शेपूट हलवायचं, धुकं सुटायचं, गार झालं की पुन्हा झोप. आम्ही शेडमध्ये, कोणाचं लक्ष नाही. टाकी रिकामी झाली, कुत्र्याने तरीही शेपूट हलवलं, पंप कोरडा फिरला आणि सील जळाली. वरची वॉरंटीची कहाणी त्यानंतरची. डीलरला कुत्र्याचं सांगितलं नाही, हे खरं; पण त्यानेही कुठे विचारलं? टाकीत साधा फ्लोट स्विच असता तर पाणी संपताच पंप बंद झाला असता. घरच्या मोटारीला असतो तो स्विच एवढ्या किमतीच्या पंपासोबत देत नाहीत, यापेक्षा संतापजनक गोष्ट मला या अख्ख्या व्यवहारात सापडली नाही.

पंप गेल्यावर खोक्याचं काय करायचं? पत्रे चांगले होते, विकायला जीव होईना. मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीचा कट्टा बांधला, वर शहाबादी फरशी. कट्ट्याच्या अलीकडे बाहेरचं, पलीकडे आतलं. येणाऱ्याने कट्ट्यावर बसायचं, स्वतःची चप्पल अलीकडे सोडायची, पाय उचलून पलीकडे वळवायचे आणि तिथले आमचे गमबूट घालायचे. वर डगला चढवायचा, साबणाने हात धुवायचे. डॉक्टर म्हणाले, परदेशात पोल्ट्रीत हीच पद्धत असते, डॅनिश एंट्री म्हणतात. गमबूट रोज संध्याकाळी ब्रशने घासून, धुऊन, मग गुलाबी पावडरच्या द्रावणात उभे करतो. पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट असतं त्यात. त्याची एक सोय मला फार आवडली: जोर गेला की गुलाबी रंग उडतो, त्यामुळे बदलायचं कधी यावर वाद होत नाही. कपडे फवारायचे नाहीत, बदलायचे. डगले इथेच धुतो, उन्हात वाळवतो.

आणि चमत्कार असा की कट्ट्यावर कोणी पळत नाही. बसावंच लागतं. मावशी कुंपणातून यायच्या बंद झाल्या, उलट कट्ट्यावर बसून पानाची चंची सोडतात, त्यावरून माझी कटकट चालू असते. ड्रायव्हर आधी कुरकुरले, आता गाडीतून उतरताना चपलेचा बंद आधीच सैल करतात. या उन्हाळ्यात कोंबड्यांची मर कमी झाली का, असं विचाराल तर ते कट्ट्याच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. उन्हाळा, लस, पाणी, शंभर कारणं असतात.

नोझलचा पाइप मात्र फेकला नाही. रिवाइंडिंगवाल्याने पंपाला नवी सील टाकून दिली, डीलरने सांगितलेल्या खर्चाच्या पावपटीत, आणि सोबत फ्लोट स्विच. आता तो पाइप मागच्या बाजूला अंड्यांच्या प्लास्टिक ट्रेवर लावलाय. ट्रे आधी धुतात, मग फवारतात, मग रॅकवर तसेच ओले ठेवतात. ट्रेला घाई नसते, डोळे नसतात आणि मानही नसते. तिथे हे यंत्र खरंच नावाजण्यासारखं चालतं.

मेव्हणा आता दुसरं खोकं आणायला निघालाय, धाकट्या भावाच्या शेडसाठी. त्याला सांगितलंय की पंप, पाइप, सेन्सर तिथेच काढून ठेव आणि वजन त्यानंतर कर.