पोस्टजीआयएस: फुकट आहे, पण एसआरआयडीची चूक माफ करत नाही

पोस्टग्रेस हा डेटाबेस अनेक ठिकाणी मागच्या दाराने येतो. गटांचे नकाशे ठेवायचे असतात किंवा दुकानापासून पाचशे मीटरांतले ग्राहक शोधायचे असतात, म्हणून पोस्टजीआयएस हे त्याचं नकाशांसाठीचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) बसवलं जातं. हळूहळू बिलं आणि ग्राहकयादीही तिथेच मुक्काम ठोकतात. बर्कलीत १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसची आखणी केली तेव्हाच नवे डेटाप्रकार वरून जोडता यावेत, हा एक हेतू होता. कॅनडाच्या रिफ्रॅक्शन्स रिसर्चने २००१ मध्ये पोस्टजीआयएस आणलं ते याच सोयीवर. पीजीव्हेक्टर (व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या याद्या, साठवून शोधणारं एक्स्टेन्शन) सध्या एआयवाल्यांना त्याच वाटेने आणतोय, पण मुरलेला माल अजून पोस्टजीआयएसच.

बसवणं सोपं. पॅकेज टाकायचं, हव्या त्या डेटाबेसमध्ये ‘क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस’ चालवायचं. रास्टर, म्हणजे चित्ररूप डेटा, पोस्टजीआयएस ३.० पासून वेगळं एक्स्टेन्शन आहे. उपग्रहचित्रं नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरी परीक्षा डेटा भरताना. शेपफाइल (नकाशांची प्रचलित फाइल) ‘एसएचपी२पीजीएसक्यूएल’ने भरताना ‘-एस’ने एसआरआयडी, म्हणजे आकडे कोणत्या निर्देशांक पद्धतीतले ते सांगणारा क्रमांक, दिला नाही तर तो शून्य पडतो, आणि नंतर दुसऱ्या थरावर ठेवायला गेलं की एरर येते. अशा वेळी घाईघाईने एसटी_सेटएसआरआयडीमध्ये मनाला येईल तो आकडा टाकू नये. ते फक्त लेबल बदलतं, आकडे हलवत नाही. आकडे बदलतात एसटी_ट्रान्सफॉर्मने. गावांची नावं चिन्हांच्या गिचमिडीत आली तर ‘-डब्ल्यू’ने एन्कोडिंग द्या; मात्र मूळ डीबीएफ (शेपफाइलसोबतचा माहितीचा तक्ता) युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असेल तर आधी कन्व्हर्टर लागेलच.

बिंदू बनवताना रेखांश आधी. पुण्यासाठी ७३.८५, १८.५२. उलटं दिलंत तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतं, आणि एररही येत नाही.

क्षेत्रफळात तर हमखास फसगत होते. ४३२६ (अक्षांश-रेखांशांचा एसआरआयडी) मधल्या जिऑमेट्रीवर एसटी_एरिया चालवलं की उत्तर चौरस अंशांत येतं: एक हेक्टरचा तुकडा साधारण ०.००००००८६ दिसतो. हेक्टर-आर हवे असतील तर जिऑग्राफी प्रकारात (पृथ्वीची गोलाई धरून मीटरांत मोजणाऱ्या) बदला किंवा यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे विभाग करून मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत) ट्रान्सफॉर्म करा. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाड्याचा बहुतेक भाग ३२६४३ या यूटीएम विभागात बसतो. पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूरला, ३२६४४ लागतो. सगळं राज्य एकाच टेबलात असेल तर जिऑग्राफी बरी. जरा हळू चालते, पण विभाग चुकण्याची भानगड नाही.

वेगाची तक्रार येते तेव्हा दोष बहुतेकदा क्वेरीचा असतो. ‘एसटी_डिस्टन्स ५०० पेक्षा कमी’ असं लिहिलं तर इंडेक्स वापरला जात नाही, प्रत्येक ओळीचं अंतर मोजलं जातं. एसटी_डीविदिन लिहा, ते जिस्ट (भौगोलिक शोधाला लागणारा) इंडेक्स वापरतं. कॉलमवर क्वेरीतच ट्रान्सफॉर्म लावला तरी साधा इंडेक्स बाद. ट्रान्सफॉर्म केलेल्या रूपावरच वेगळा इंडेक्स बांधा. जिल्ह्यासारखे हजारो शिरोबिंदूंचे बहुभुज एसटी_सबडिव्हाइडने फोडून ठेवा, त्याचा फरक लगेच दिसतो.

कच्ची बाजू शेजारच्या हद्दींची. दोन गटांचा सामाईक बांध दोनदा साठवला जातो, त्यामुळे एसटी_सिम्प्लिफायने रेषा सोप्या केल्या की मध्ये फटी पडतात. पोस्टजीआयएस ३.४ मध्ये आलेलं एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय हद्दी जुळलेल्या ठेवतं, त्याला जिऑस या भूमितीच्या लायब्ररीची ३.१२ आवृत्ती लागते. सामाईक हद्द एकदाच साठवणारं टोपॉलॉजी एक्स्टेन्शन आहे, पण छोट्या कामाला ते जड. तरी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये प्रक्षेपण (निर्देशांक पद्धत) बदलायची सोय अंगभूत नाही. तेवढ्यावरूनही मी पोस्टजीआयएसला झुकतं माप देईन.

आणि अपग्रेड. पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणारं पीजी_अपग्रेड चालवण्याआधी नव्या पोस्टग्रेससाठी पोस्टजीआयएसचं पॅकेज टाकलेलं हवं, नाहीतर लायब्ररी सापडत नाही म्हणून काम अडतं. मुख्य आवृत्ती बदलली की ‘पोस्टजीआयएस_एक्स्टेन्शन्स_अपग्रेड’ आणि मग ‘पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन’ चालवून बघा. ‘अपग्रेड हवं’ अशी सूचना दिसली तर पुन्हा चालवा. बॅकअप अर्थातच त्याआधी.