मॅकडोनाल्ड्स व्हिडिओगेम: नफ्याची खुर्ची तुमची, बघा जमतंय का

पथनाट्यात भांडवलदार ओळखायला सोपा असतो: पोट पुढे, हातात चाबूक. इटलीच्या मोलेइंदुस्त्रिया या गेम बनवणाऱ्या गटाने 2006 मध्ये काढलेल्या या फुकट गेममध्ये ती भूमिका तुमच्या गळ्यात पडते. नाव आणि बोधचिन्ह खऱ्या कंपनीचंच वापरलंय, हे धाडसाचं. याच कंपनीने लंडनमध्ये एका पत्रकावरून कार्यकर्त्यांवर भरलेला खटला 313 दिवस चालला आणि 1997 मध्ये निकाल लागला.

पडदे चार: दक्षिण अमेरिकेतली शेती, गुरं पोसायची जागा, रेस्टॉरंट आणि मुख्यालय. चारही एकदम चालू असतात, त्यामुळे एकीकडे रमलात की दुसरीकडे गळती लागते.

आधी शेती सांभाळा. सोया आणि कुरणं यांचा मेळ बसला नाही तर पुढचं सगळं अडतं. जमिनीचा कस उतरला की नवी जमीन हवी. मग जंगल तोडा, नाहीतर महापौराला पैसे चारून गावाची शेतं घ्या. सोया अपुरा पडला की चाऱ्यात प्राण्यांच्या मांसाची भुकटी आणि कारखान्यातला कचरा मिसळायची सोय आहे. पोट भरतं, पण गाई आजारी पडतात. अशी गाय कत्तलीपर्यंत पोचण्याआधी क्लिक करून बाजूला काढा. बहुतेक डाव इथेच फसतात, कारण तेव्हा आपण दुकानातल्या पोराला रागावण्यात गुंतलेले असतो.

रेस्टॉरंटचा भाग त्या मानाने उथळ. नोकराला दम द्या, बिल्ला द्या किंवा काढून टाका, संपलं. मुख्यालयात मात्र खरा मसाला आहे: आहारतज्ज्ञ, आरोग्य अधिकारी, हवामानशास्त्रज्ञ, राजकारणी, सगळे विकत मिळतात. निदर्शनं सुरू होईपर्यंत थांबू नका, आधीच पेरून ठेवा. पण जाहिरात आणि लाच दोन्हींवर उधळलंत तर दिवाळं निघतं.

इमानदारीने खेळून पाहा, ताळेबंद लाल होईल. बेइमानीनेही फार दिवस निभत नाही, आणि गेमची खोडी नेमकी हीच.

अडचण तांत्रिक आहे. गेम फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम आणि अॅनिमेशन चालवणाऱ्या जुन्या तंत्रात बनवलेला, आणि फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला. त्यामुळे रफलसारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या फ्लॅशची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्राम लागतो. मोबाइलवर खेळायचा अट्टहास नको. गाय बोटाखाली सापडेपर्यंत तिचा बर्गर झालेला असतो.