व्हिडिओ नाहीत, प्रमाणपत्र नाही, नुसती गृहपाठाची वही

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधलं (एफपी) मॅप, फिल्टर, फोल्ड येतं, पण मोनॅड (एकामागून एक पायऱ्या जोडायची रीत) म्हटलं की घाम फुटतो? मग डेटा६१ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधन संस्थेचा 'एफपी कोर्स' करा. गिटहबवर फुकट. जुने लोक याला 'निक्टा कोर्स' म्हणतात, कारण तो मुळात निक्टा या आधीच्या संस्थेचा. भाषा हॅस्केल.

फाइल उघडली की प्रत्येक फंक्शनच्या जागी 'टूडू' (करायचं बाकी) लिहिलेलं. ते आपण भरायचं, टेस्ट चालवायच्या. लिस्टसुद्धा तयार मिळत नाही, स्वतः रचायची! पुढे फंक्टर, अ‍ॅप्लिकेटिव्ह (मोनॅडच्या आधीच्या दोन पायऱ्या), मोनॅड, मग स्टेट, म्हणजे आधी काय घडलं ते लक्षात ठेवत पुढे जायची रीत.

मला सगळ्यात आवडला तो स्टेटटीमधला (स्टेटच्या आत दुसरा प्रकार घालायची सोय) प्रश्न: यादीतले दुबार आकडे काढा, पण १००पेक्षा मोठा दिसला की सगळंच थांबवा, उत्तर रिकामं. आधीच्या फाइलमध्ये दुबार काढणं स्टेटवर झालेलंच असतं. इथे त्याच्या पोटात ऑप्शनल ('उत्तर आहे किंवा नाही' असा प्रकार) घातलं की थांबणं आपोआप जमतं. मी दिवसभर जावात पेमेंटचं व्हॅलिडेशन लिहितो. तिथल्या इफ-एल्सच्या जंगलाकडे त्यानंतर वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

शेवटाकडे पार्सर (मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा कोड) लिहून जेसन हा डेटा लिहायचा साचा वाचायचा असतो. चेकवरची रक्कम अक्षरी लिहिण्याचाही प्रश्न आहे. डॉलर-सेंटमध्ये, लाख-कोटी आपले आपण घाला.

समजावणारं मात्र कोणी नाही. मुळात हे वर्गात शिकवायला बनवलेलं, त्यामुळे टायपांची सही (फंक्शन काय घेतं, काय देतं ते सांगणारी ओळ) वाचता येत नसेल तर दुसऱ्याच फाइलला अडाल. हॅस्केल अजिबात नवं असेल तर आधी हेलसिंकी विद्यापीठाचा फुकट ऑनलाइन हॅस्केल कोर्स करा, मग इकडे या.