लांडग्यांचे दोन सिनेमे: मुलांना आधी कोणता दाखवायचा?

'लांडगा आला रे आला' इथेच बहुतेक मुलांची लांडग्याशी ओळख संपते. ती पुढे न्यायची तर दोन ॲनिमेशनपट आहेत: जपानचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) आणि आयर्लंडचा 'वुल्फवॉकर्स' (२०२०). वरवर पाहता कथा सारखीच. जंगल तोडलं जातंय, लांडगे आडवे येतात आणि त्यांच्या बाजूने एक मुलगी उभी राहते. फरक आहे तो लांडगा म्हणजे कोण, यात.

'वुल्फवॉकर्स' घडतो १६५० मध्ये, आयर्लंडमधल्या किलकेनी गावात. इंग्लंडहून आलेल्या शिकाऱ्याची मुलगी रॉबिन हिला जंगलात मेव्ह भेटते. मेव्ह झोपली की तिचा देह तिथेच पडून राहतो आणि ती लांडगी होऊन हिंडते. ही कल्पना मातीतली आहे. किलकेनी जुन्या ऑसरी राज्यातलं, आणि तिथल्या माणूस-लांडग्यांची कथा जेराल्ड ऑफ वेल्स याने बाराव्या शतकातच लिहून ठेवली आहे: एक लांडगा वाटेवरच्या पाद्र्याला गाठतो आणि मरणाला टेकलेल्या बायकोसाठी अखेरचे धर्मसंस्कार मागतो. लांडग्यांमागे लागलेलं सरकारही खरं. १६५३ मध्ये आयर्लंड जिंकणाऱ्या इंग्रज क्रॉमवेलच्या राजवटीने मादीमागे सहा पौंड आणि नरामागे पाच पौंड इनाम लावलं होतं. म्हणून इथला लांडगा म्हणजे जिंकलेल्या मुलखातला, काही केल्या वठणीवर न येणारा आयरिश माणूसच. चित्रंही तेच बोलतात. गाव जुन्या लाकडी ठशांसारखं, सरळ रेघांचं आणि काटकोनांचं; जंगलातल्या रेषा मात्र गोलाकार, सैल, खालची पेन्सिल मुद्दाम न खोडलेली. पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

'मोनोनोके'चे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची मोरो असली दोस्त नाही. ती तीनशे वर्षांची पांढरी लांडगी, वनदेवताच. मूळ जपानीत तिला अकिहिरो मिवा या पुरुष कलाकाराचा आवाज आहे. तो खर्ज ऐकायचा तर डबिंगच्या वाटेला जाऊ नका. जीव वाचवायला पळणाऱ्या आईबापांनी तिच्यापुढे टाकलेलं बाळ, सान, तिने वाढवलं. पण म्हणून माणसांना माफी नाही. तिचं देवपणही मातीतलंच. जपानच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांना लांडगा हवासा होता, कारण पिकाची नासाडी करणारी रानडुकरं आणि हरणं तो मारायचा. चिचिबूच्या मित्सुमिने देवस्थानात तर राखणीला लांडग्यांच्याच मूर्ती आहेत. खुद्द प्राणी मात्र संपला. शेवटचा ज्ञात नमुना १९०५ चा, नारा प्रांतातला.

मोरोला एबोशीच्या नरड्याचा घोट घ्यायचाय. आणि ही एबोशी, लोखंडासाठी डोंगर बोडके करणारी बाई, वेश्यावस्तीतून बायका सोडवून आणते, त्यांना भात्यावर काम देते, महारोग्यांच्या जखमा स्वतः धुते. आता घ्या बाजू! 'वुल्फवॉकर्स'मध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथला इंग्रज सत्ताधीश, लॉर्ड प्रोटेक्टर, पहिल्यापासून शेवटपर्यंत खलनायकच. माझ्या मते तो सिनेमा कमी पडतो तो इथेच.

मूल दहाच्या आतलं असेल तर 'वुल्फवॉकर्स', डोळे मिटून. पावणेदोन तासांत संपतो, पिंजरा आणि आग यांची थोडी भीती वाटते, पण रक्तपात जवळपास नाही. 'मोनोनोके' सव्वादोन तासांचा. सुरुवातीलाच अंगावर वळवळत्या किड्यांचं जाळं घेऊन रानडुक्कर धावून येतं, आणि थोड्याच वेळात एका बाणाने सामुराईचे हात उडतात. तेरा-चौदाच्या आधी नको. घरात सगळे मोठेच असतील तर मात्र दुसरा विचार न करता 'मोनोनोके'च लावा.

दोन्ही पाहायचे असतील तर आयरिश आधी. उलट्या क्रमाने पाहिले तर मोरोनंतर रॉबिन आणि मेव्हचा शेवट जरा गुळचट लागतो, आणि तो अन्याय त्या सिनेमावर नको.